शॉचें रिकामें पिस्तूल

स्वसंरक्षणासाठीं घरांत बंदूक बाळगावी कीं नाहीं, या वादांत दोन्ही पक्ष शस्त्राविषयीं बोलतात. भयाविषयीं सहसा कोणीच बोलत नाहीं. बर्नार्ड शॉच्या ‘आर्म्स अँड द मॅन’ (१८९४) या नाटकाचें महत्त्व आम्हांस येथेंच वाटतें. रणांगणांतून पळालेला ब्लुंट्श्ली रात्रीं रैनाच्या शयनगृहांत शिरून तिच्यावर पिस्तूल रोखतो. तें रिकामें आहे, हें तिला मागाहून कळतें. काडतुसांऐवजीं हा गृहस्थ चॉकलेट बाळगतो! अखेर त्याचा जीव वांचतो तो रैनाच्या दयेमुळें. उलट, तिचा वाग्दत्त वर सर्जियस शस्त्राला शौर्याचें भूषण मानतो.

मात्र शॉनें आपलें काम सोपें करून घेतलें आहे. प्रत्येक खिडकीआड रैना नसते. आडरानांतील एकट्या घराची कडी मध्यरात्रीं वाजली असतां ‘दयेवर भरंवसा ठेवा’ असें सांगणें धार्ष्ट्याचें होईल. त्या भयाला नाटकांत उत्तर नाहीं. तथापि रैनाच्या जागीं क्षणभर उभें राहिल्यास एक गोष्ट उमगते. पिस्तूल भरलेलें असो वा रिकामें, समोरच्यास तें सारखेंच दिसतें. बाळगणारा ज्यास संरक्षण म्हणतो, तीच दुसऱ्यास धमकी वाटते.