मुलाखत, प्रौढत्व आणि सुरतेचे मराठी तरुण

माणूस प्रौढ केव्हा होतो, हा प्रश्न आजवर आपल्याकडे धर्मशास्त्राने, कायद्याने आणि कादंबरीने हाताळला. गेल्या काही दशकांत समाजशास्त्र व मानसशास्त्र यांनी तो मुलाखतीच्या साधनाने हाती घेतला आहे. तरुणांच्या तोंडून त्यांच्या वाढीची हकीकत ऐकावयाची आणि तिच्यावरून सिद्धान्त मांडावयाचा, अशी ही पद्धती. साहित्याच्या अभ्यासकांनी तिला परका प्रांत मानू नये. जेथे एकाचे बोलणे दुसरा लिहून घेतो, तेथे निवड, शैली व भाषांतर यांचे प्रश्न उभे राहतातच; आणि ते प्रश्न आपले आहेत.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००० साली ‘उदयोन्मुख प्रौढत्वा’ची कल्पना मांडली. अठरा ते पंचवीस या वयाला त्यांनी स्वतंत्र अवस्था मानले. प्रौढत्वाची खूण कोणती, असे विचारता त्यांना तरुणांकडून मुख्यतः तीन उत्तरे मिळाली : स्वतःची जबाबदारी स्वतः घेणे, स्वतंत्रपणे निर्णय घेणे आणि आर्थिक स्वावलंबन. या तिन्ही उत्तरांच्या केंद्रस्थानी ‘स्व’ आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

हाच प्रश्न घेऊन संशोधक सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली या वस्त्यांत गेला, तर काय होईल? तापीच्या काठाकाठाने येणाऱ्या लोहमार्गाने खानदेशातील कुटुंबे पिढ्यान् पिढ्या या शहरात येत आहेत. तेथील मराठी मुलगा घरी अहिराणी बोलतो, नगरपालिकेच्या शाळेत प्रमाण मराठी शिकतो, कारखान्यात हिंदीत वावरतो आणि कचेरीत गुजरातीशी झुंजतो. तो कोणत्या भाषेत मोठा झाला, हे ठरविल्यावाचून त्याला प्रश्न तरी कोणत्या भाषेत विचारावयाचा?

‘तू प्रौढ केव्हा झालास?’ हे वाक्य मराठीत व्याकरणशुद्ध असले, तरी कोणी कोणाला असे विचारत नाही. आपल्या बोलण्यात ‘प्रौढ’ म्हणजे रात्रीच्या वर्गाचा विद्यार्थी, नाहीतर लग्नाचे वय उलटून गेलेला वर. मोठे होण्यासाठी आपले शब्द निराळे आहेत. मुलगा ‘हाताशी येतो’, ‘कमावता होतो’, ‘घर त्याच्यावर येते’. मुलगी ‘वयात येते’, ‘लग्नाची होते’. मुलगा हाताशी येतो तो बापाच्या. मुलगी लग्नाची होते ती घरच्यांच्या नजरेत. म्हणजे या शब्दांत मोठे होणे ही एकट्याची घटना नसून दुसऱ्या कोणाच्या गरजेने ठरणारी गोष्ट आहे. एखाद्या मुलाचे ‘घर माझ्यावर आलं’ हे उद्गार अहवालात ‘आर्थिक स्वावलंबन’ या रकान्यात गेले, तर ते केवळ उणे भाषांतर होणार नाही. अर्थ उलटा होईल. तो स्वतःच्या पायांवर उभा राहिला असे म्हणत नाही; आपल्या खांद्यावर कोण उभे आहे, ते तो सांगतो.

मग लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या शब्दांवर, म्हणजे आत्मचरित्रावर, अधिक विसंबावे काय? येथे सुरतेचाच दाखला घेऊ. १८३३ साली या शहरात जन्मलेल्या कवी नर्मदने १८६६ मध्ये ‘मारी हकीकत’ लिहिली. त्याचे लग्न बालपणीच झाले होते. विशीच्या आतच तो रांदेरला शिक्षक झाला. रकाने भरणाऱ्या संशोधकाने त्याला तेव्हाच प्रौढ ठरविले असते. पण १८५८ मध्ये शिक्षकाची नोकरी सोडून लेखणीवर जगण्याचा त्याने निश्चय केला, तो क्षण त्याच्या चरित्रात सर्वांत मोठा ठरला. नोकरी धरल्याने नव्हे, सोडल्याने तो मोठा झाला! मात्र हे तेहतिशीतल्या लेखकाने मागे वळून लावलेले संगतवार रूप आहे, हेही विसरता येत नाही. शिवाय असे चरित्र लिहिण्यास लेखणी हाती असावी लागते. १८४४ साली सुरतेत दुर्गाराम मेहताजींबरोबर मानवधर्म सभेत असलेले आपले व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांनीही आत्मचरित्र लिहिले. पण त्यांच्या काळच्या हातमागवाल्याने लिहिले नाही.

मुलाखतीचे खरे सामर्थ्य येथे आहे. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथाने आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांकडे जाऊन, त्यांचे बोलणे ऐकून, लिखित इतिहासाने वगळलेले मराठीत आणले. यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातेतील श्रमिकांचा अभ्यास १९६०च्या दशकात सुरू केला आणि त्याच प्रदेशात ते दशकानुदशके परत येत राहिले. एका बैठकीत उत्तर मिळते. हकीकत मात्र परत परत गेल्यानेच मिळते, हा त्यांच्या कामापासून घेण्यासारखा धडा होय.

तरीही एक उणीव राहते, ती कादंबरी दाखवून देते. ‘कोसला’ (१९६३) मधील खानदेशी पांडुरंग सांगवीकर पुण्याहून परततो, तो ना पदवीधर ना कमावता. कोणत्याही कसोटीवर तो अपुरा ठरेल. परंतु धाकट्या बहिणीच्या मृत्यूने त्याच्यात जे बदलते, त्याला प्रश्नावलीत रकाना नाही. सुरतेतील मुलांचेही असेच असेल. १९९४ची प्लेगची धावपळ, २००६चा तापीचा पूर, २०२०ची टाळेबंदी यांत कितीजण एका आठवड्यात मोठे झाले असतील! ‘शिक्षण केव्हा संपले’ या प्रश्नाला ते वर्ष सांगतील. काय संपले ते सांगणार नाहीत.

मुलींचे मौन तर याहून गाढ आहे. घरी बसून साड्यांना खडे-टिकल्या लावणारी मुलगी एका खोलीच्या घरात, आई व भाऊ ऐकत असताना जे बोलते, ते तिचे उत्तर मानावे की घराचे? तेथे ‘काही नाही’ हेही उत्तर आहे आणि ते जसेच्या तसे लिहून ठेवणे संशोधकाचे कर्तव्य आहे.

प्रस्तुत लेखकाचा आग्रह इतकाच आहे की, अशा अभ्यासात मूळ बोली अहवालाबरोबर छापली जावी, रकाने उत्तरांनंतर आखावेत, आणि त्याच व्यक्तीकडे काही वर्षांनी पुन्हा जावे. हे काम विद्यापीठांपुरते ठेवण्याचे कारण नाही. सीमेपलीकडच्या मराठी शाळांतील शिक्षक या मुलांना सातव्या वर्षी पाहतो आणि पुढे बारा तासांच्या पाळीहून परतताना रस्त्यातही भेटतो. त्याने आपल्या जुन्या विद्यार्थ्यांचे शब्द, न सुधारता, एका वहीत टिपून ठेवावेत. निबंध तपासताना लागलेली लाल शाईची सवय मात्र त्या वहीपुरती बाजूला ठेवावी लागेल.