लाकूडकाम आणि द्रवचालित यंत्रे : मराठी परिभाषेची चिकित्सा

प्रस्तावना

मराठी ही ज्ञानभाषा व्हावी, अशी अपेक्षा वारंवार व्यक्त केली जाते. महाराष्ट्र शासनाने १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन केले व त्याद्वारे विविध शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध झाले. या कार्याचे मोल निर्विवाद आहे. तथापि, परिभाषेची चर्चा बहुधा शब्द संस्कृत की इंग्रजी, एवढ्यावरच थांबते. शब्द आवश्यक तो भेद राखतो की नाही, हा प्रश्न मागे पडतो. शिक्रापूरसारख्या गावी तो टाळता येत नाही. पुणे–अहिल्यानगर महामार्गावरील या परिसरात औत-अवजारांचे सुतारकाम आणि सणसवाडी-रांजणगावचे कारखाने शेजारी नांदतात.

आरागिरणी : शब्द आणि उपजीविका

वनखात्याच्या व्यवहारात 'आरागिरणी' हा शब्द रूढ आहे. बोलण्यात मात्र 'सॉ मिल' किंवा 'वखार' ऐकू येते. मराठी शेतकऱ्याला 'आरा' म्हटले की प्रथम बैलगाडीच्या चाकाचा आरा आठवतो. मोठी करवत हा अर्थ हिंदीत रुळलेला आहे. हा केवळ रुचीचा प्रश्न नाही. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च १९९७ रोजी महाराष्ट्र व उत्तर प्रदेशातील विनापरवाना आरागिरण्या तत्काळ बंद करण्याचा आदेश दिला. तेव्हापासून 'आरागिरणी' कशाला म्हणावे, यावर अनेकांची उपजीविका अवलंबून राहिली. गोल ओंडक्यापासून चिरीव लाकूड तयार करणे आणि तयार फळीपासून खिडकी घडवणे, या दोन भिन्न क्रिया आहेत.

हा भेद व्यक्त करण्याची सोय मराठीत पूर्वीपासून आहे. झाड 'तोडले' जाते, ओंडका आडवा 'कापला' जातो, उभा 'चिरला' जातो, सरपण 'फोडले' जाते, वाकसाने 'तासले' जाते आणि शेवटी रंधा मारला जातो. ही क्रियापदे हीच सुताराची परिभाषा होय. कोशकारांची दृष्टी मात्र प्रायः नामांवर खिळलेली असते. परिणामी, जिथे नेमकेपणा आधीच उपलब्ध होता, तिथे संदिग्ध नाम आले.

'हायड्रॉलिक' : व्युत्पत्ती की व्यवहार?

मोठ्या गिरणीत ओंडका उचलणे, पकडणे व करवतीकडे सरकवणे ही कामे द्रवचालित यंत्रणा करते. तिच्यात बहुधा तेल असते. म्हणून 'जलचालित' हा पर्याय सदोष ठरतो व 'द्रवचालित' अधिक यथार्थ वाटतो. परंतु मूळ ग्रीक शब्दातही पाणीच आहे, आणि त्यामुळे इंग्रजी भाषकांचे काही अडले नाही. केवळ व्युत्पत्तीच्या आधारे शब्दाची परीक्षा करणे त्यामुळे अपुरे ठरते.

खरी अडचण अन्यत्र आहे. पास्कलच्या नियमानुसार दाब आणि क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराने बल मिळते. दट्ट्याचा वेग मात्र तेलाच्या प्रवाहावर ठरतो. शालेय विज्ञानाने 'दाब', 'बल' आणि 'शक्ती' हे शब्द काटेकोरपणे वेगळे केले आहेत. कार्यशाळेत या सर्वांसाठी 'प्रेशर' किंवा 'ताकद' म्हटले, तर वेग मंदावला असता दाब वाढवण्याचा चुकीचा उपाय सुचतो. दाबाची मर्यादा राखणारी झडप त्यासाठी आवळली, तर नळी फुटून कामगाराच्या जिवावर बेतू शकते. येथे लोकव्यवहारापेक्षा पाठ्यपुस्तकाची परिभाषा सरस ठरते, हे मान्य करावे लागेल.

समारोप

उपरोक्त दोन उदाहरणे परस्परविरोधी दिशा दाखवतात. लाकूडकामात कोशाने सुताराकडे जावे आणि द्रवयंत्रांत कार्यशाळेने पाठ्यपुस्तकाकडे यावे. 'पंप', 'सिलिंडर' हे शब्द तसेच ठेवल्याने मराठीची हानी होत नाही. 'चिरणे' आणि 'कापणे' किंवा 'दाब' आणि 'प्रवाह' यांतील भेद पुसल्याने मात्र होते. परिभाषेची कसोटी शुद्धता नसून भेदक्षमता आहे. ग्रामीण महाविद्यालयांतील भाषा व विज्ञान विभागांनी परिसरातील कारागिरांच्या क्रियापदांचे एकत्रित संकलन केले, तर ते परिभाषानिर्मितीस निश्चितच उपकारक ठरेल.