अभ्यासविषय ते अभ्यासक : परिचर्या शिक्षणातील आदिवासी संशोधकाचे स्थान (ठाणे जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा)

प्रास्ताविक

परिचर्या विषयातील पदव्युत्तर प्रबंधिकांची शीर्षके एकापुढे एक ठेवून वाचली असता त्यांतील एक साचा सहज ध्यानात येतो. ‘निवडक आदिवासी क्षेत्रातील मातांच्या अमुक विषयासंबंधीच्या ज्ञानावर नियोजनबद्ध अध्यापन कार्यक्रमाचा होणारा परिणाम’ असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. आधी पूर्वचाचणी, मग तक्ते व चित्रे दाखवून तासाभराचे अध्यापन, काही दिवसांनी उत्तरचाचणी. दोन्हींतील फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय ठरतो आणि कार्यक्रम परिणामकारक असल्याचा निष्कर्ष निघतो. एखादी गोष्ट नुकतीच सांगितल्यावर तीच विचारली तर उत्तर पूर्वीपेक्षा बरे येणार, हे कळण्यासाठी संशोधनाची फारशी गरज नाही. तरीही हा साचा टिकून आहे, कारण तो वेळेत पूर्ण होतो, मार्गदर्शकाला परिचित असतो आणि परीक्षकाला तपासण्यास सोयीचा असतो.

या साच्यातील खरी अडचण संख्याशास्त्रीय नाही. आदिवासी मातेचे अज्ञान हे येथे संशोधनाने सिद्ध करावयाचे नसून संशोधनापूर्वीच गृहीत धरलेले असते. प्रश्नावली दुसरीकडे तयार होते, बरोबर उत्तर आधीच ठरलेले असते, आणि मातेकडे उरते ते केवळ गुण मिळवणे. प्रश्नावली तयार करणारी, तिची वैधता तपासणारी आणि प्रबंधिकेला मार्गदर्शन करणारी व्यक्ती स्वतः वारली, कातकरी, ठाकर वा कोकणा समाजातील असती तर हा साचा असाच राहिला असता काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

क्षेत्रकार्याचा भूगोल

ठाणे, कल्याण व डोंबिवली ही शहरे ज्या जिल्ह्यात आहेत, तेथे ‘ग्रामीण क्षेत्रकार्य’ याचा अर्थ शहापूर, मुरबाड वा भिवंडी तालुक्यातील गाव असा होतो. आणि त्या गावाच्या कडेला बहुधा एखादी कातकरी वाडी वा ठाकरांचा पाडा असतोच. २०११च्या जनगणनेच्या वेळी अविभाजित ठाणे जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी हे आदिवासीबहुल तालुके तिकडे गेले. त्यामुळे ठाणे हा आता केवळ शहरांचा जिल्हा उरला, असा समज बळावला आहे. तो बरोबर नाही. कसाऱ्याहून निघणारी लोकल कल्याणला येते तेव्हा तिच्यात शहापूर तालुक्यातील आदिवासी विद्यार्थिनीही असतात, आणि त्यांतल्या काही परिचर्येचे शिक्षण घेत असतात.

या भागाविषयी लिहिले गेले नाही असे मुळीच नाही. वारल्यांच्या १९४५च्या उठावावर गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक मराठीत मान्यता पावलेले आहे. १९९२ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला आणि त्यानंतर कुपोषणावरील पाहण्या व अहवाल यांना तोटा राहिला नाही. मात्र या लेखनातील बहुतेक सर्व लेखन बाहेरून आलेल्यांचे आहे. त्यांतील काहींची सहानुभूती निःसंशय अस्सल होती, परुळेकरांची तर होतीच. पण सहानुभूती आणि स्वतःविषयी स्वतः लिहिण्याचा अधिकार या दोन भिन्न गोष्टी आहेत. भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांनी ‘स्टेज’ या कवितेत नेमके यावरच बोट ठेवले आहे. आपले दुःख दुसऱ्यांनी व्यासपीठावरून सांगावे आणि आपण खाली बसून ऐकावे, या व्यवस्थेचे त्या छोट्या कवितेइतके नेमके वर्णन समाजशास्त्रीय लेखनात क्वचितच सापडेल. सोनवणे यांनी १९९० मध्ये ज्या आदिवासी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले, ते पालघर येथे, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच भरले होते. साहित्याच्या क्षेत्रात तेव्हा विचारला गेलेला प्रश्न परिचर्या शिक्षणाच्या वर्गात अद्याप पोहोचलेला नाही.

दोन विचारसरणी

संस्कृती आणि परिचर्या यांच्या संबंधाचा विचार आपल्याकडे शिकवला जातो तो प्रामुख्याने मॅडेलिन लेनिंजर यांच्या सिद्धान्ताच्या आधारे. लेनिंजर या अमेरिकन परिचारिका व मानववंशशास्त्रज्ञ. १९६०च्या दशकाच्या आरंभी न्यू गिनीतील गादसप लोकांमध्ये क्षेत्रकार्य करून त्यांनी ‘आंतरसांस्कृतिक परिचर्या’ ही शाखा उभी केली. रुग्णाच्या रूढी, आहार, नातेसंबंध व श्रद्धा समजून घेतल्याशिवाय शुश्रूषा अपुरी राहते, हे त्यांनी ठामपणे मांडले आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु या मांडणीत जाणणारी परिचारिका आणि जाणला जाणारा समाज यांच्या जागा पक्क्या आहेत. संस्कृती असते ती रुग्णाची. परिचारिकेच्या स्वतःच्या संस्कृतीची झडती फारशी होत नाही.

न्यूझीलंडमधील माओरी परिचारिका व अध्यापिका इरिहापेती रॅम्सडेन (१९४६–२००३) यांनी हीच बाजू उलटी केली. १९८८ मध्ये ख्राइस्टचर्च येथे भरलेल्या सभेत एका माओरी विद्यार्थिनीने विचारले की, परिचर्येत कायदेशीर, नैतिक आणि वैद्यकीय सुरक्षिततेविषयी एवढे बोलले जाते, मग आमच्या सांस्कृतिक सुरक्षिततेचे काय? त्या प्रश्नातून ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ ही संकल्पना आकाराला आली आणि १९९२ मध्ये तेथील परिचर्या परिषदेने ती अभ्यासक्रमात आणली. तिच्यावर वृत्तपत्रांतून गदारोळ झाला, १९९५ मध्ये संसदीय समितीने चौकशीही केली. रॅम्सडेन यांनी २००२ मध्ये वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठास सादर केलेला प्रबंध हा या सर्व वाटचालीचा दस्तऐवज आहे. विशेष म्हणजे त्या प्रबंधात त्यांनी स्वतःच्या जीवनाची कथा पुराव्यासारखी मांडली आहे. संशोधक अदृश्य असावा, हा आपल्या विद्यापीठांचा आवडता नियम त्यांनी जाणीवपूर्वक मोडला.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की परिचारिकेने माओरी रीतिरिवाज पाठ करण्याची आवश्यकता नाही. तिने स्वतःच्या संस्कृतीचे, पूर्वग्रहांचे आणि अधिकाराचे भान ठेवावे. आणि शुश्रूषा सुरक्षित होती किंवा नाही, हे ठरविण्याचा अधिकार ती देणाऱ्याचा नसून घेणाऱ्याचा आहे. हा विचार मांडण्यासाठी एखादी माओरी अध्यापिका परिचर्येच्या वर्गात असणे आवश्यक होते. बाहेरच्या अभ्यासकाला, कितीही सहृदय असला तरी, ही उलथापालथ सुचणे कठीण होते. ऑस्ट्रेलियात १९९७ मध्ये आदिवासी परिचारिकांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, कॅनडातील सत्य व समेट आयोगाने २०१५ मध्ये परिचर्या महाविद्यालयांत आदिवासी आरोग्याचा अभ्यासक्रम सक्तीचा करावा असे सुचविले. या साऱ्यामागे त्या त्या समाजातील परिचारिका व अध्यापिका होत्या.

शिडी कोठे तुटते

महाराष्ट्रात अनुसूचित जमातींसाठी ७ टक्के राखीव जागा आहेत, त्यामुळे आदिवासी मुली परिचर्या शिक्षणात येतात. प्रश्न त्या पुढे कोठवर जातात याचा आहे. बी.एस्सी. परिचर्या पदवीसाठी बारावीला विज्ञान शाखा आवश्यक असते, आणि आश्रमशाळेत शिकलेल्या पुष्कळ मुलींच्या वाट्याला विज्ञान शाखा येत नाही. त्या दोन वर्षांचा सहायक परिचारिका प्रसाविका अभ्यासक्रम वा तीन वर्षांचा सामान्य परिचर्या पदविका अभ्यासक्रम निवडतात. तेथून अध्यापनाकडे जायचे तर पदविकेनंतर दोन वर्षांची पदवी, एक वर्षाचा अनुभव आणि दोन वर्षांची एम.एस्सी. असा मार्ग आहे. बारावीपासून मोजल्यास किमान आठ वर्षे. त्यानंतर सहायक प्राध्यापक होण्यासाठी आणखी अनुभव. ज्या घराला पहिल्या पगाराची वाट पाहायची आहे, त्या घरातील मुलगी प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी मिळताच थांबते, आणि तिला दोष देता येत नाही.

यात आणखी एक दुखरी बाजू आहे. राखीव पदांवर बनावट जात प्रमाणपत्रांच्या आधारे झालेल्या नेमणुकांचा प्रश्न राज्यात वर्षानुवर्षे चिघळत राहिला. सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१७ रोजी अशा नेमणुकांना संरक्षण नाकारले. पुढे २१ डिसेंबर २०१९च्या शासन निर्णयाने असे कर्मचारी अधिसंख्य पदांवर वर्ग करण्याचे ठरले. शिवाय बहुसंख्य परिचर्या महाविद्यालये खासगी असल्याने अध्यापकांची निवड करताना सामाजिक प्रतिनिधित्वाचा विचार होतोच असे नाही. प्रवेशाच्या वेळी जे धोरण काटेकोरपणे पाळले जाते ते अध्यापकांच्या दालनापाशी येऊन विरते.

चीक आणि वीटभट्टी

आदिवासी संशोधक आल्याने नेमके काय बदलेल, हे एका उदाहरणावरून पाहता येईल. कुटुंब सर्वेक्षणात ‘बाळाला चीक पाजला का?’ असा प्रश्न असतो आणि ‘नाही’ या उत्तराची नोंद अज्ञान वा अंधश्रद्धा या रकान्यात होते. चीक टाकून देण्याची रीत केवळ पाड्यांवर नाही, ती डोंबिवलीच्या सदनिकांतही सापडते. तेथे तिला घरातील मोठ्यांचे मत म्हणतात. रीत अपायकारक आहे याविषयी दुमत नसावे. सुईणीचे सर्वच ज्ञान शिरोधार्य मानणे हाही एक प्रकारचा रोमँटिक दुराग्रहच होय. परंतु तीच रीत एका घरात ‘मत’ आणि दुसऱ्या घरात ‘अंधश्रद्धा’ का ठरते, हा प्रश्न प्रश्नावली तयार करणाऱ्याच्या मनात यावा लागतो.

लसीकरणाचे उदाहरण अधिक बोलके आहे. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे उचल घेऊन भिवंडी, कल्याण परिसरातील वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. बाळाचे नाव मुरबाडच्या उपकेंद्रातील नोंदवहीत, बाळ मात्र भट्टीवरच्या खोपटात. डोस चुकतो तो आईला लसीचे महत्त्व कळत नाही म्हणून नव्हे, तर उचल फिटेपर्यंत तिला भट्टी सोडता येत नाही म्हणून. नियोजनबद्ध अध्यापन कार्यक्रमाने या आईचे गुण वाढतील, पण डोस चुकायचा तो चुकणारच. ज्या संशोधकाचे बालपण अशा खोपटात गेले आहे, तिच्या प्रबंधिकेचा विषय मातांचे ज्ञान हा न होता नोंदवह्यांची भौगोलिक रचना असा झाला असता. अनुभवाचे मूल्य येथे भावनिक नाही. ते संशोधनाचा चल कोणता निवडायचा याच्याशी निगडित आहे.

मर्यादा

तथापि रॅम्सडेन यांची संकल्पना जशीच्या तशी उचलणे योग्य होणार नाही. न्यूझीलंडमध्ये १८४०चा वैतांगी करार आहे, त्यामुळे माओरी व राज्यसंस्था असे दोन पक्ष स्पष्ट आहेत. ठाणे जिल्ह्यात वर्चस्वाच्या रेषा इतक्या सरळ नाहीत. कल्याणच्या रुग्णालयातील परिचारिका स्वतः दलित, इतर मागासवर्गीय वा केरळी ख्रिस्ती असू शकते. डॉक्टरांपुढे तिचा अधिकार तोकडा, पाड्यावर मात्र मोठा. शिवाय ‘आदिवासी’ हे एकच गाठोडे नाही. महादेव कोळी समाज शिक्षणात पुढे गेला, कातकरी हा विशेष असुरक्षित आदिम जमातींत गणला जातो. महादेव कोळी समाजातून आलेले डॉ. गोविंद गारे यांनी आदिवासी संशोधन संस्थेच्या संचालकपदापर्यंत मजल मारली आणि विविध जमातींवर विपुल लिहिले, ही मोठी गोष्ट होय; तरी कातकऱ्यांपुढे तेही काही अंशी बाहेरचेच होते. एका आदिवासी अध्यापिकेने सर्व जमातींच्या वतीने बोलावे ही अपेक्षा त्यामुळे अन्यायाची ठरते.

आणि नेमकी तीच अपेक्षा केली जाते. ९ ऑगस्टला भाषण, सजावटीसाठी वारली चित्रे, पाड्यावर जाताना दुभाषाचे काम, अशी सारी कामे आदिवासी अध्यापिकेकडे आपसूक येतात. अभ्यास मंडळावर, संशोधन आराखडे तपासणाऱ्या समितीवर किंवा नैतिकता समितीवर तिचे नाव सुचविताना मात्र अनुभवाची अट आठवते. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि वारली चित्रे आता ठाण्याच्या भिंतींवरही दिसतात. आदिवासींच्या चित्रकलेला ज्ञान न म्हणता कला म्हणणे सोयीचे असते, कारण कलेपुढे कोणाला आपली प्रश्नावली बदलावी लागत नाही.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीतील महाविद्यालयांना यातील काही गोष्टी आजही करता येण्यासारख्या आहेत. पाड्यावरील संशोधनाचा आराखडा मंजूर करणाऱ्या समितीत त्या पाड्यावरील एक परिचारिका असावी, तिची पदवी कोणतीही असो; प्रश्नावलीची वैधता तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या यादीत कातकरी वा वारली बोली जाणणारी व्यक्ती असावी; आणि पदविकाधारक आदिवासी परिचारिकेला पगार चालू ठेवून पुढील शिक्षणाची रजा मिळावी. तिसरी गोष्ट खर्चाची आहे, म्हणून तिच्यावर चर्चा होत नाही. पहिल्या दोन गोष्टींना खर्च नाही. त्या का होत नाहीत, याचे उत्तर संशोधन समित्यांनी द्यावयाचे आहे.