दूरस्थ मैफल आणि परीक्षणाचा विषय

मराठीतील संगीतपरीक्षण हा दीर्घकाळ साक्षीचा लेखनप्रकार राहिला. परीक्षक मैफलीला हजर होता, वाचक नव्हता, आणि जे गायले गेले ते त्या रात्रीच विरून गेले, या वस्तुस्थितीवर परीक्षकाचा अधिकार उभा होता. केशवराव भोळे यांनी ‘एकलव्य’ या नावाने समकालीन गायकांविषयी जे लिहिले (‘आजचे प्रसिद्ध गायक’, १९३३), त्यातील निरीक्षणे वाचकाला पडताळून पाहण्याची सोय जवळजवळ नव्हती. ती विश्वासाने स्वीकारावी किंवा स्वतःच्या आठवणीशी ताडून पाहावी, एवढेच त्याच्या हाती होते. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर मैफली पडद्यावर आल्या आणि ही मांडणी मोडली. परीक्षणाची भाषा मात्र बहुतांशी तीच राहिली. रिकाम्या खोलीत, एका कॅमेऱ्यासमोर झालेल्या गायनाविषयीही ‘मैफल रंगली’ असे लिहिले जाऊ लागले. कोणत्या वस्तूचे परीक्षण चालले आहे, हा प्रश्न येथे उभा राहतो.

हा प्रश्न पुण्या-मुंबईतून जसा दिसतो तसा बुलढाणा जिल्ह्यातून दिसत नाही. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या नियमित श्रोत्याला २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे उणीव म्हणून जाणवली. डिसेंबर २०२२ मध्ये महोत्सव पुन्हा भरला आणि त्याच्यापुरती ती उणीव भरून निघाली. बुलढाणा येथील श्रोत्याला मुळात महोत्सवच दूरचा. जिल्ह्याच्या मुख्यालयाला रेल्वे नाही, मलकापूर किंवा शेगाव गाठून गाडी धरायची. अमरावतीला जन्मलेल्या भोळ्यांचेही समीक्षालेखन घडले ते मुंबई-पुण्यात, कारण गवई तेथे गात होते. मराठी संगीतसमीक्षेचा भूगोल हा मैफलींचाच भूगोल होता. चिखलीचा किंवा खामगावचा जाणकार ऐकत होता, पण परीक्षक होऊ शकत नव्हता. दूरस्थ मैफलीने त्याला प्रथमच तो अधिकार देऊ केला आहे. म्हणून तिची निर्भर्त्सना करणे सोपे असले तरी न्याय्य नाही.

शिवाय या जिल्ह्याचा संगीताशी यंत्रामार्फत आलेला संबंध नवा नाही. मेहकर येथे वकिली करणारे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गायली आणि १९३०च्या दशकाच्या आरंभी तिची ध्वनिमुद्रिका निघाली. त्याच नावाचा कवितासंग्रह निघाला १९५४ मध्ये. मेहकरची कविता ग्रंथाच्या दोन दशके आधी तबकडीवरून महाराष्ट्रभर गेली. (मराठी काव्याच्या इतिहासात ग्रंथप्रकाशनाचे वर्ष हेच कवितेचे वर्ष समजण्याची जी सवय आहे, तिला हे एक चांगले प्रत्युत्तर होय.) परंतु त्या तबकडीने आपण मैफल असल्याचा दावा केला नव्हता. तीन-सव्वातीन मिनिटांची ती एक स्वतंत्र, बंदिस्त रचना होती. आकाशवाणीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्यानेही श्रोता समोर बसल्याचा आभास निर्माण केला नाही. दूरस्थ मैफल मात्र सतरंजी, समई, तानपुऱ्यांची जोडी दाखवते, गायकाला ‘रसिकहो’ म्हणायला लावते. मैफलीची सर्व चिन्हे ती वापरते आणि चिन्हांनी जे सूचित व्हावयाचे ते गाळते.

ते गाळलेले म्हणजे काय, हे नेमके सांगितले पाहिजे. ‘जिवंतपणा’, ‘माहोल’ या शब्दांनी भागत नाही. वॉल्टर बेन्यामिन याने १९३६ च्या आपल्या निबंधात यांत्रिक पुनर्निर्मितीमुळे कलाकृतीचे ‘वलय’ लोपते असे म्हटले. तो विचार येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. ज्याची प्रत काढावी असे मूळ रागसंगीतात नाही. कालचा यमन हा परवाच्या यमनाची प्रत नव्हे. आणि शुद्ध, यंत्रविरहित मैफल ही कल्पनाही फारशी टिकत नाही. महोत्सवातील हजारोंचा श्रोतृवर्ग ध्वनिवर्धकातूनच ऐकतो, मागच्या रांगा गायकाला पडद्यावरच पाहतात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतरच्या ध्वनिवर्धकावर निर्बंध आणले, आणि खुल्या मंडपातील रात्रभराच्या बैठकींबरोबर उत्तररात्रीचे रागही मागे पडले. प्रहराचे बंधन पडद्याच्या आधीच सैल झाले होते.

गाळले जाते ते प्रतिसादाचे वर्तुळ. दाद ही गायनावरील टीका नव्हे, ती गायनाचा घटक आहे. एखाद्या जागेला पुढच्या रांगेतून हुंकार आला की गायक ती जागा पुन्हा घेतो, वळवतो, तिच्यातून बढतीची नवी वाट काढतो. विस्ताराची लांबी श्रोत्यांच्या साहाय्याने ठरते. अभिनवगुप्ताचा ‘सहृदय’ आस्वादक असतो. मैफलीतील सहृदय काही अंशी कर्ताही असतो. थेट प्रक्षेपण श्रोत्यापर्यंत अनेकदा काही सेकंद, कधी अर्धा मिनिट उशिरा पोचते. तेथून पाठवलेली दाद ज्या जागेला उद्देशून असते ती कधीच मागे पडलेली असते. साथीचा प्रश्न याहून कठीण. दोन वादकांना परस्परांशी लय सांभाळायची तर आवाज पोचण्यातील विलंब साधारण २५-३० मिलिसेकंदांच्या आत असावा लागतो. दोन शहरांतील सामान्य जोडणीवर तो राहत नाही. म्हणून टाळेबंदीच्या काळात गायन आधी आणि तबला नंतर मुद्रित करून दोहोंची जुळणी करण्याची रीत पडली. अशा ठिकाणी तबलजी गायकाला ऐकतो, गायक तबलजीला ऐकत नाही. त्या साथीला ‘संवादी’ म्हणणारा परीक्षक संवादाच्या अभिनयाचे कौतुक करीत असतो.

यंत्राच्या निवडीही सौंदर्यविषयक असतात. बैठकांसाठी तयार केलेल्या संगणकीय प्रणाली माणसाचे बोलणे हाच अर्थपूर्ण ध्वनी समजतात आणि अखंड, स्थिर नादाला गोंगाट मानून दाबतात. विशेष सोय वापरली नाही, तर प्रथम लोपतो तो तानपुरा. ज्या नादाच्या आधाराने प्रत्येक स्वराला स्वरत्व प्राप्त होते, तोच उपद्रव ठरतो! आवाजाची पातळी आपोआप समान राखणारी योजना गायकाने मुद्दाम हलका केलेला स्वर वर उचलते, आणि आवाजाच्या लगावाविषयी लिहिणारा परीक्षक त्या योजनेविषयीच लिहून जातो.

खर्जाचे उदाहरण अधिक बोलके आहे. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्‌झचा असतो, मंद्र षड्ज त्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे ६९. भ्रमणध्वनीच्या चिमुकल्या ध्वनिक्षेपकातून एवढे खालचे कंपन बाहेर पडतच नाही. वरच्या स्वयंभू स्वरांवरून कान त्या स्वराचे अनुमान करतो. स्वर ओळखता येतो, त्याचे वजन अंगावर येत नाही. बायाँची घुमारही अशीच हरवते. ‘खर्जात आवाज पोकळ वाटला’ हे वाक्य प्रामाणिक असू शकते आणि तरी गायकाविषयी चुकीचे असू शकते.

दृश्याची बाजू तुलनेने लहान आहे. सम येताच तबल्याच्या हातांवर जाणारा कॅमेरा लक्ष कोठे द्यावे हे श्रोत्याच्या वतीने ठरवतो. मैफलीत ही निवड त्याची स्वतःची असते.

आता दुसरी बाजू. मुद्रित मैफल पुन्हा ऐकता येते, थांबवता येते, मागे नेता येते. गायन प्रथमच संहितेचे रूप घेते आणि परीक्षक साक्षीदाराऐवजी वाचक होतो. यातून एक दोषदर्शी वृत्ती बळावते: अमुक मिनिटाला कोमल धैवत किंचित उतरला, अशी नोंद करणारी. प्रवाहात जो स्वर क्षणात सावरला गेला तो येथे पुरावा म्हणून गोठतो. पण याच सोयीमुळे अशोक रानडे किंवा वामनराव देशपांडे यांच्यासारख्यांनी ज्या सूक्ष्मतेने घराण्यांच्या सौंदर्यदृष्टीची चर्चा केली, त्या सूक्ष्मतेने एका सादरीकरणाची चर्चा करणे आणि वाचकाने ती पडताळणे शक्य झाले आहे. परीक्षणाने आपला अधिकार उपस्थितीवरून युक्तिवादाकडे न्यावा, असे हे दडपण आहे. ते स्वागतार्ह मानले पाहिजे.

मात्र संहिता म्हटली की पाठचिकित्सा आली. ज्ञानेश्वरीच्या एखाद्या ओवीवर लिहिणारा अभ्यासक आपल्यासमोर राजवाडे प्रत आहे की दुसरी, हे सांगितल्यावाचून पुढे जात नाही. दूरस्थ मैफलीचा परीक्षक बहुधा यांपैकी काहीच सांगत नाही. गायन प्रक्षेपणासमयीच झाले की आधी मुद्रित होते, श्रोते समोर होते की नव्हते, साथ एकत्र झाली की मागाहून जोडली, ते कशातून आणि कितव्यांदा ऐकले, या गोष्टी तळटीपेच्या नव्हेत. त्यांवाचून पुढचे विधान कोणाविषयी आहे हेच कळत नाही. मेहकरच्या एखाद्या घरात कानाला श्रवणयंत्र लावून मध्यरात्री सकाळचा भैरव दुसऱ्यांदा ऐकणाऱ्या परीक्षकाने हे सारे पहिल्याच परिच्छेदात लिहिले, तर त्याच्या लेखनाचे मूल्य पुण्याच्या मंडपातून लिहिणाऱ्यापेक्षा कमी ठरण्याचे कारण नाही. मंडपातल्या परीक्षकालाही मग आपण कितव्या रांगेत आणि कोणत्या ध्वनिक्षेपकाजवळ बसलो होतो, हे सांगावे लागेल.