तुकोबांची ‘काळी रात्र’

तौलनिक तत्त्वज्ञान आणि धर्म या विषयांना वाहिलेल्या एका नियतकालिकाकडे मी निबंध पाठवला. संस्थेच्या रकान्यात ‘स्वतंत्र अभ्यासक, दिवाळे’ एवढेच लिहिले. परीक्षकांना लेखकाचे नाव कळवत नाहीत, त्याचा धीर होता. निबंध परत आला, सोबत एक प्रश्न: अभंगांचा हा कालक्रम कशावरून?

प्रश्न मुळात गुरुदेव रा. द. रानडे यांच्यापर्यंत जातो. १९३३ च्या ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’मध्ये त्यांनी तुकोबांच्या साधनेत आधी ‘आत्म्याची काळी रात्र’ आणि मग साक्षात्कार असा क्रम लावला. मी तो मुकाट उचलला. ही संज्ञा सोळाव्या शतकातील स्पॅनिश संत जॉन ऑफ द क्रॉसपासून आलेली. गाथेतल्या अभंगांवर तर तारखा नाहीत. म्हणजे क्रम स्पेनचा आणि पुरावा देहूचा!

जॉन १५७७-७८ मध्ये टोलेडोला आपल्याच पंथबंधूंच्या कैदेत होता. तुकोबांवर १६३० चा दुष्काळ कोसळला. बायको अन्नावाचून गेली, व्यापाराचे दिवाळे निघाले. (आमच्या गावाच्या नावावर हा विनोद नेहमीचाच.) त्यात तुकोबा विठ्ठलाशी उघड भांडतात. ‘रात्र’ म्हटले की ते भांडण साधनेची केवळ एक पायरी ठरते.

तुलना उलटही झाली पाहिजे. १९८३ मध्ये पुण्यात मे. पुं. रेगे, दया कृष्ण प्रभृतींनी रसेलचा विधानविचार संस्कृतात नैयायिक पंडितांपुढे ठेवला. तिथे तपासणारे पंडित होते. तसे तुकोबांच्या भांडणाने जॉनला तपासायला हवे.

निबंध पुन्हा लिहितो आहे. कालक्रम काढल्यावर नऊ पाने उरली.