दोन टक्क्यांची मर्यादा : पुरवठा-साखळी आणि उद्योगांचे सामाजिक दायित्व

उद्योगसंस्था समाजाचे काही देणे लागते, हा विचार नवा नाही. हॉवर्ड बोवेन याने १९५३ मध्ये व्यावसायिकाच्या सामाजिक जबाबदाऱ्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून त्याची शास्त्रीय मांडणी केली. भारतात या विचारास वैधानिक रूप लाभले ते २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने. ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावेत, असे हे कलम सांगते. १ एप्रिल २०१४ पासून ते अमलात आहे. या कलमाखाली किती खर्च झाला, याची चर्चा पुष्कळ होते. त्यात दायित्वाची कोणती कल्पना गृहीत धरली आहे, याची चर्चा त्या मानाने थोडी होते.

कलमाचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. शाळा, आरोग्य, पिण्याचे पाणी यांकडे त्याने निधीचा एक स्थिर ओघ वळविला. परंतु त्याखालील नियम दोन गोष्टी स्पष्टपणे वगळतात : कंपनीच्या नित्य व्यवहाराचा भाग असलेली कार्ये आणि केवळ तिच्या स्वतःच्या नोकरांच्या हिताची कार्ये. दान आणि धंदा यांची सरमिसळ होऊ नये, हा यामागील हेतू योग्यच होय. तथापि त्याचा परिणाम असा की, दायित्व नफ्याच्या विनियोगापासून सुरू होते. नफा कोणत्या रीतीने मिळविला, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर राहतो. खरेदी हा तर नित्य व्यवहारच. म्हणून खरेदी खात्याचा आणि सामाजिक दायित्वाचा संबंधच तुटतो.

या तुटीचे स्वरूप पाहण्यास पुणे परिसराइतके सोयीचे क्षेत्र विरळा. मुळशी तालुक्यातील माण गावाच्या हद्दीत हिंजवडी माहिती-तंत्रज्ञान नगरीचा विस्तार झाला आहे. संगणक-प्रणाली निर्माण करणाऱ्या संस्थेस पुरवठा-साखळी नसते, असा समज आहे. प्रत्यक्षात पहारेकरी, सफाई कामगार, उपाहारगृहातील आचारी, गाड्यांचे चालक हे बव्हंशी ठेकेदाराकडून येतात. सेवांची ही साखळीच होय. माणमधील शाळेस दिलेले संगणक वार्षिक अहवालात येतात. त्याच इमारतीच्या दारावरील पहारेकऱ्याची पाळी किती तासांची, हे त्या प्रकरणात येण्याचे कारण नसते.

माणमध्ये जी गोष्ट कामाच्या तासांपुरती दिसते, ती याच औद्योगिक पट्ट्याच्या दुसऱ्या टोकास, चाकणकडे, अधिक दारुण होते. मोटारीचा सुटा भाग एका कारखान्यात तयार होत नाही. वाहन-कंपनीस थेट माल देणाऱ्या पुरवठादारामागे दुसऱ्या आणि तिसऱ्या फळीचे लहान कारखाने असतात. भोसरी, तळवडे, कुरुळी येथील पत्रा दाबणारी प्रेस शॉप्स त्यांपैकीच. सेफ इन इंडिया या संस्थेने २०१९ पासून वाहन-उद्योगातील हातांच्या अपघातांवर अहवाल प्रसिद्ध केले आहेत. हरियाणात सुरू झालेले तिचे काम पुढे पुणे परिसरातही आले. बोटे तुटण्याचे अपघात मुख्यतः साखळीच्या खालच्या फळ्यांत घडतात, पॉवर प्रेसचा त्यांत मोठा वाटा असतो, आणि अनेकांना राज्य विमा योजनेचे कार्ड अपघातानंतरच मिळते, असे हे अहवाल सांगतात.

याचा दोष केवळ लहान मालकाच्या माथी मारणे सोपे आहे. पण त्याचा दर वरून ठरतो. ऐनवेळी माल मागविण्याच्या पद्धतीत साठ्याचा भार त्याच्याकडे सरकतो आणि विलंबाचा दंडही त्यालाच पडतो. २००६ च्या लघुउद्योग कायद्याने ४५ दिवसांची कमाल मुदत घालून दिली आणि विलंबावर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज आकारले. तरीही २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरातील सवलत वेळेवरील देण्याशी जोडावी लागली. ज्याचे पैसे अडकले आहेत तो प्रेसला सेन्सर बसविण्याचे काम पुढे ढकलतो. म्हणजे देयक वेळेवर देणे हेच येथे सामाजिक कार्य ठरते. पण कायद्याच्या हिशेबात ते धरले जात नाही.

ही उणीव सेबीच्या जबाबदारी-अहवालाने भरून निघेल, अशी अपेक्षा होती. २०२३ मध्ये सेबीने सर्वांत मोठ्या २५० सूचीबद्ध कंपन्यांनी मूल्य-साखळीची माहिती द्यावी, असे ठरविले. मार्च २०२५ च्या परिपत्रकाने ही माहिती ऐच्छिक केली आणि एकूण खरेदी वा विक्रीत किमान २ टक्के वाटा असणाऱ्या भागीदारांपुरतीच मर्यादित केली. तिसऱ्या फळीचे प्रेस शॉप वाहन-कंपनीस थेट काही विकतच नाही. तेव्हा ते या चाळणीत येणेच शक्य नाही. एका २ टक्क्यांनी दायित्व धंद्याबाहेर नेले. दुसऱ्या २ टक्क्यांनी धंद्यातील सर्वांत दुर्बळ घटक दृष्टीआड केला.

यावर आक्षेप असा की, साखळी अनंत असते आणि तिच्या शेवटच्या दुव्यापर्यंत जाणे कोणाही कंपनीस अशक्य आहे. जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून अमलात आलेल्या कायद्यानेही अप्रत्यक्ष पुरवठादारांबाबतचे कर्तव्य ठोस माहिती हाती आल्यानंतरच लागू केले. आक्षेपात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. ठेकेदाराने वेतन बुडविल्यास ते मुख्य मालकाने द्यावे, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच मान्य झाले होते. शिवाय गुणवत्तेच्या बाबतीत हेच अंतर कंपन्यांना अडवीत नाही. लहान कारखान्यातील डाय पुष्कळदा वरच्या खरेदीदाराच्या मालकीची असते. पोलादाचे प्रमाणपत्र तपासले जाते. सदोष भाग कोणत्या खेपेतील, याचा माग काढला जातो.

म्हणून प्रश्न अशक्यतेचा नसून निवडीचा आहे. सामाजिक दायित्वाचा अभ्यास करणाऱ्याने देणग्यांच्या यादीबरोबर खरेदीचा करार, देयकाची मुदत आणि प्रेसची सुरक्षा-तपासणी हीही साधने मानली पाहिजेत. भागास पडलेल्या चिरेचा माग ज्या यंत्रापर्यंत पोहोचतो, त्याच यंत्रावर तुटलेल्या बोटाचा माग तेथवर का पोहोचू नये, याचे उत्तर १३५ व्या कलमात नाही.