अष्टमहाभये आणि अवलोकितेश्वर

बौद्ध मूर्तींचे विवेचन म्हणजे लक्षणांचा कोश, अशी समजूत फार रूढ झाली आहे. कमळ म्हणजे अलिप्तता, जटा म्हणजे वैराग्य. आणि एवढ्यावरून नित्य जीवनाचा उपदेश सिद्ध झाला, असे मानले जाते. औरंगाबादच्या (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) लेणे क्रमांक ७ मधील, सहाव्या शतकातील अवलोकितेश्वरापुढे ही पद्धती अपुरी पडते.

उभ्या बोधिसत्त्वाच्या दोन्ही बाजूंस चार-चार लहान प्रसंग कोरलेले आहेत : आग, शस्त्रधारी दस्यू, बेड्या, संकटात सापडलेले जहाज, सिंह, सर्प, हत्ती आणि मूल घेतलेल्या मातेवर चालून आलेला मृत्यू. ही भये तत्त्वचिंतकाची नव्हेत. वाटसरूंची व गृहस्थांची आहेत. कान्हेरीच्या लेणे क्रमांक ९० मध्येही हाच विषय आहे, आणि तेथील दानलेखांत कल्याण व सोपारा यांची नावे येतात, हे जहाजाच्या संदर्भात ध्यानात ठेवावे.

बेड्यांच्या प्रसंगापाशी मात्र अधिक थांबले पाहिजे. ‘सद्धर्मपुंडरीक’ सूत्राच्या ज्या प्रकरणाशी या शिल्पांचे नाते आहे, त्यात बद्ध मनुष्य अपराधी असो वा निरपराध, नामस्मरणाने तो मुक्त होतो, असे सांगितले आहे. करुणेचा गौरव करणारे भाष्यकार हा तपशील बहुधा ओलांडून जातात. तो अडचणीचा आहे, हेच त्याचे कारण असावे. साह्यास पात्र कोण, हे आधी ठरविण्याची आपली रीत त्यात बसत नाही. कमळाचा अर्थ लावावयाचा तर तो या बेड्यांच्या सान्निध्यातच लावला पाहिजे, आणि मग निव्वळ ‘अलिप्तता’ हा अर्थ तेथे टिकणे कठीण आहे.